नाहीसे झाले की नाहीसे केले?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अल्बर्ट बीअरस्टाटचं एक चित्र आहे: 'द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक', साल १८६३. उंची सहा फुटांहून थोडी जास्त, रुंदी दहा फूट. मागे बर्फाची शिखरं, मधे एक धबधबा आणि नेमका त्याच्यावर पडलेला उन्हाचा झोत, पायथ्याशी आरशासारखं तळं. त्याच्यासमोर मी तासभर तरी उभी होते. लोक येत होते, मान वर करून शिखराकडे पाहत होते, फोनवर फोटो काढत होते, शेजारची पाटी वाचून पुढे जात होते. चित्राच्या खालच्या भागात, सावलीत, शोशोनी या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांचा अख्खा मुक्काम रंगवलेला आहे. तंबू, घोडे, कुत्री, मारून आणलेली शिकार, आपापल्या कामात गुंतलेली माणसं. त्या तासाभरात तिथे वाकून पाहणारं मला कुणीही दिसलं नाही.

या चित्राविषयीच्या वादातही नेमकं हेच होत आलं आहे. एक पक्ष म्हणतो, हे चित्र म्हणजे पश्चिमेकडची जमीन गिळायला निघालेल्या अमेरिकेची जाहिरात; ते उतरवा, नाही तर निदान त्याच्याभोवती इशाऱ्याची पाटी लावा. दुसरा म्हणतो, कलेला राजकारणाच्या चष्म्यातून पाहू नका, डोळे भरून सौंदर्य पाहा. तिसरा, जरा तांत्रिक पक्ष म्हणतो, असं शिखर रॉकी पर्वतात नाहीच, हे सगळं स्टुडिओत रचलेलं आहे. तिघेही बोलतात ते शिखराबद्दल. माझं म्हणणं असं आहे की चित्र भिंतीवर राहिलंच पाहिजे, पण त्याचे चाहते सांगतात त्या कारणासाठी नाही. त्यात एक मोठा खोटेपणा आहे. तो वरच्या शिखरात नसून खालच्या मुक्कामात आहे, आणि तो कळायला चित्र पूर्ण आकारात, त्याच्या सगळ्या सौंदर्यासकट डोळ्यांसमोर असावं लागतं.

आधी शिखराचा प्रश्न मिटवू. हो, शिखर रचलेलं आहे. बीअरस्टाट १८३० साली जर्मनीतल्या झोलिंगेनचा जन्मलेला, दोन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर मॅसॅच्युसेट्सला आलेला. तरुणपणी चित्रकला शिकायला तो परत डुसेलडॉर्फला गेला आणि त्या वर्षांत त्यानं आल्प्स पायी पालथे घातले. १८५९ मध्ये कर्नल फ्रेडरिक लँडर यांच्या सरकारी मोहिमेबरोबर तो आजच्या वायोमिंगमधल्या विंड रिव्हर पर्वतराजीत पोहोचला, तेव्हा तिथून धाडलेल्या पत्रात त्यानं हे डोंगर स्वित्झर्लंडच्या बर्नीज आल्प्ससारखे दिसतात असं लिहिलं. चार वर्षांनी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत त्यानं इथला कडा, तिथला धबधबा, आठवणीतलं एखादं स्विस शिखर असं जुळवून हे चित्र केलं. जाणकारांनी तेव्हाही त्याच्यावर हा आरोप केला होता. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीच्या त्याच्या एका भव्य चित्राबद्दल मार्क ट्वेननं १८६७ मध्ये लिहिलं की यातली हवा कॅलिफोर्नियाची कमी आणि स्वर्गाची जास्त वाटते.

पण यात गुन्हा कोणता? मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी दोन त्रिकोणी डोंगर काढले आहेत, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळण घेत येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि नारळाचं झाड. असं गाव कुणी पाहिलं होतं? तो देखावा होता, आणि चित्रकलेच्या बाईंनीही तो देखावा म्हणूनच तपासला. एकोणिसाव्या शतकातला मोठा निसर्गचित्रकार याच रीतीनं, फक्त हजारपट कसबानं काम करत असे. फ्रेडरिक चर्चचं 'हार्ट ऑफ द अँडीज' हे १८५९ चं चित्र एक्वाडोरमधल्या अनेक जागा एकत्र करून झालं आहे. न्यूयॉर्कमध्ये पंचवीस सेंटचं तिकीट काढून तीन आठवड्यांत बारा हजार लोकांनी ते पाहिलं. यलोस्टोनची चित्रं करणारा थॉमस मोरान तर उघड सांगे की निसर्गाची हुबेहूब नक्कल करण्याला आपण मोल देत नाही. प्रेक्षकांना हे ठाऊक होतं. फसवलं कुणी आणि फसलं कोण?

शिवाय हुबेहूबपणाच्या कसोटीवर चित्र नापास करणाऱ्यांनी शेजारी छायाचित्र ठेवून पाहावं. कार्लटन वॉटकिन्सनं १८६१ मध्ये प्रचंड कॅमेरा आणि काचेच्या मोठाल्या प्लेटा खेचरांवर लादून योसेमिटीच्या दरीत नेल्या. त्या छायाचित्रांतला एकही दगड खोटा नाही. कडे आहेत तसे, झाडं आहेत तशी. पण बहुतेक छायाचित्रांत दरी निर्मनुष्य आहे, जणू तिथे कधी कुणी राहतच नव्हतं. त्याआधी दहाच वर्षांपूर्वी, १८५१ मध्ये, मॅरिपोसा बटालियन नावाच्या सशस्त्र तुकडीनं त्या दरीत शिरून आवानीची लोकांचे धान्यसाठे जाळले होते आणि त्यांना बाहेर काढलं होतं. म्हणजे ज्यानं कड्याची एक रेषाही बदलली नाही त्याच्या चौकटीत माणसं नाहीत, आणि ज्यानं डोंगरच मनानं रचला त्याच्या चित्रात ती आहेत. तपशील खरा असला की चित्र खरं होतं, या समजुतीवर जे वाद घालतात त्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता जाहिरातीचा आरोप. हा जास्त वजनदार आहे आणि मला तो बराचसा मान्य आहे. लँडर यांची मोहीम काही फुलं गोळा करायला गेली नव्हती. कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या बैलगाड्यांसाठी सरकारी रस्ता आखणं हे तिचं काम होतं. चित्र पूर्ण झालं त्याच्या आदल्याच वर्षी, १८६२ मध्ये, वसाहतकऱ्यांना जमीन देणारा होमस्टेड कायदा आणि पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाले होते. १८६५ मध्ये हे चित्र पंचवीस हजार डॉलरला विकलं गेलं आणि घेणारा जेम्स मॅकहेन्री हा लंडनमध्ये राहून रेल्वेला पैसा पुरवणारा भांडवलदार होता. पुढे १८७३ मध्ये तर बीअरस्टाटनं सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे कॉलिस हंटिंग्टन यांच्या सांगण्यावरून डॉनर तळ्याचा देखावा केला आणि त्यात डोंगराच्या अंगावरून गेलेला लोहमार्गही दाखवला. खुद्द या शिखराचं नाव पाहा. लँडर १८६२ मध्ये यादवी युद्धात, छावणीत आजारी पडून वारले, आणि चित्रकारानं शिखराला रस्ता आखणाऱ्याचं नाव दिलं. नावं देणं म्हणजे काय असतं हे त्या काळातच एका माणसानं स्पष्ट सांगून ठेवलं आहे. योसेमिटीतून हुसकावलेल्या लोकांचा म्होरक्या तेनाया याला तुकडीतल्या एकानं मोठ्या औदार्यानं सांगितलं की या तळ्याला आम्ही तुझं नाव देत आहोत. तेनाया म्हणाला, त्याला आधीच नाव आहे. हा प्रसंग तुकडीतल्या त्या माणसानं स्वतःच लिहून ठेवला आहे. तळ्याला आज तेनाया लेक म्हणतात.

एवढं सगळं मान्य करूनही जाहिरातीचा आरोप एका जागी अडतो. जमीन रिकामी आहे, या आणि घ्या, असं सांगायचं असेल तर चित्राच्या पुढच्या भागात माणसांचा मुक्काम कुणी कशाला रंगवेल? आणि तोही असा बारकाईनं? १८५९ च्या प्रवासात बीअरस्टाटनं शोशोनींची रेखाटनं केली होती, कॅमेऱ्यानं छायाचित्रं घेतली होती. कोण कसं बसतं, घोडा कसा बांधतात, शिकार कशी टाकतात हे त्याला पाहून ठाऊक होतं. डोंगर आठवणीतून आला, मुक्काम मात्र निरीक्षणातून आला. त्या काळच्या पुष्कळ चित्रांत मूलनिवासी माणूस एक तर कुऱ्हाड उगारून धावतो किंवा मरत पडलेला असतो. इथे तो संध्याकाळच्या कामाला लागलेला आहे. 'त्यानं मूलनिवासींना पुसून टाकलं' हा आरोप या चित्रावर करणाऱ्यांनी चित्र पाहिलेलं नाही, असंच मला म्हणावं लागतं.

मग खोटेपणा कुठे आहे? तो बीअरस्टाटच्या त्याच १८५९ च्या पत्रात सापडतो. त्यानं लिहिलं की या लोकांच्या चालीरीती शेकडो वर्षांपूर्वी होत्या तशाच आजही आहेत, त्यांना रंगवायची वेळ आत्ताच आहे, कारण ते झपाट्यानं नाहीसे होत आहेत आणि लवकरच फक्त इतिहासातून ठाऊक राहतील. आपल्या वाट्याचा त्यांचा इतिहास चित्रकारानंही सांगायला हवा, असंही तो म्हणतो. या वाक्यांत द्वेष कुठेही नाही. जिव्हाळाच आहे. पण क्रियापद पाहा. 'नाहीसे होणे' अकर्मक आहे. सूर्य मावळतो, धुकं विरतं, माणसं नाहीशी होतात. 'नाहीसे करणे' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी? शाळेत व्याकरणाच्या तासाला कर्ता ओळखायला शिकवतात. इथे तो वाक्यातून काढून टाकला आहे. बीअरस्टाटचं सगळं चित्र या अकर्मक क्रियापदात रंगवलेलं आहे. मुक्काम सावलीत आहे, ऊन मागे सरकून धबधब्यावर गेलं आहे. या माणसांवर जणू आपोआप, निसर्गक्रमानं, संध्याकाळ होते आहे. कुणी काही केलेलं नाही.

आणि त्याच वर्षी कुणी काय केलं हे तारखेनिशी नोंदलेलं आहे. २९ जानेवारी १८६३ च्या पहाटे कर्नल पॅट्रिक कॉनर यांच्या हाताखालच्या कॅलिफोर्नियाच्या स्वयंसेवक सैनिकांनी आजच्या आयडाहोमध्ये, बेअर नदीच्या काठी, शोशोनींच्या हिवाळी मुक्कामावर हल्ला केला. मेलेल्यांचे अंदाज साधारण अडीचशे ते चारशेच्या दरम्यान आहेत, त्यांत बायका आणि मुलं पुष्कळ. पुढारी बेअर हंटर मारला गेला. तंबू जाळले, धान्य लुटलं. कॉनर यांना ब्रिगेडियर जनरलची बढती मिळाली. देशाचं लक्ष यादवी युद्धाकडे होतं, त्यामुळे पूर्वेकडे ही बातमी कुणाच्या फारशी गावीही नव्हती. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बीअरस्टाट शोशोनींच्या शांत मुक्कामाच्या चित्रावर शेवटचा हात फिरवत होता.

इथे मला दोन गोष्टी प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. बेअर नदीवर मारले गेलेले शोशोनी वायव्य शाखेचे होते. विंड रिव्हरच्या बाजूला बीअरस्टाटनं जे पाहिले ते प्रामुख्यानं पूर्व शाखेचे, वॉशाकी या पुढाऱ्याच्या लोकांपैकी असणार. आणि हत्याकांडाची बातमी कळून त्यानं ती लपवली असं म्हणायला कोणताही आधार नाही. पण म्हणून दोन्हींचा संबंध तुटतो का? लँडर यांच्यासारख्या रस्त्यांवरून एकेका वर्षी हजारो माणसं आणि त्याहून जास्त जनावरं गेली. जनावरांनी गवत खाल्लं, शिकार पळाली, मॉर्मन पंथाच्या वसाहतकऱ्यांनी बेअर नदीच्या परिसरातल्या कॅश खोऱ्यातली पाणथळ, पिकाऊ जमीन घेतली. ज्यांचं अन्न गवताच्या बियांवर आणि शिकारीवर अवलंबून होतं ते उपाशी पडले, काहींनी गाड्या आणि गुरं लुटली, मग सैन्य आलं. चित्रकार ज्या मोहिमेच्या गाड्यांबरोबर गेला, तिचंच काम या साखळीची पहिली कडी होतं. 'नाहीसे होत आहेत' असं लिहिताना तो ज्या वाटेवर उभा होता ती वाटच त्या वाक्याचा हरवलेला कर्ता होती.

चित्राच्या चाहत्यांचे दोन युक्तिवाद उरतात. पहिला: आजच्या मापानं तेव्हाच्या माणसाला मोजू नका. तत्त्व म्हणून मला हे पटतं. पण मी आजचं माप लावलेलंच नाही. बीअरस्टाट स्वतःच १८५९ मध्ये म्हणतो की ही माणसं संपत चालली आहेत. त्याला दिसत होतं. प्रश्न त्याच्या नीतीचा कमी आणि त्याच्या दृष्टीचा जास्त आहे: समोर दिसलेल्या गोष्टीचं कारण समोरच असताना ते चित्रात का आलं नाही? आणि ते नसल्यामुळेच चित्र इतकं सुंदर झालं नाही ना? १८६४ च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये जखमी सैनिकांच्या मदतीसाठी मोठी जत्रा भरली. तिथे लँडर्स पीक, चर्चचं अँडीजचं चित्र आणि लॉयट्सेचं 'वॉशिंग्टन डेलावेअर ओलांडताना' ही तिन्ही एकाच दालनात टांगली होती. आज तिन्ही मेट्रोपॉलिटनच्याच संग्रहात आहेत. त्याच जत्रेत बीअरस्टाटनं एक वेगळा विभाग मांडून मूलनिवासी माणसांचे नाच लोकांना दाखवले. एका छताखाली दोन गोष्टी होत्या. भिंतीवर, लवकरच इतिहासजमा होणारी माणसं. आणि तिकडे नाचणारी जिवंत माणसं, ज्यांना कुणी काही विचारलं नाही.

दुसरा युक्तिवाद माझ्या मते सर्वांत बळकट आहे: याच चित्रांनी डोंगर वाचवले. खरं आहे. वॉटकिन्सची छायाचित्रं आणि अशी चित्रं पाहून पूर्वेकडच्या लोकांना योसेमिटीचं वेड लागलं, आणि ३० जून १८६४ ला लिंकन यांनी ती दरी लोकांसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. १८७२ मध्ये यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झालं त्यामागे मोरानची जलरंगातली चित्रं आणि विल्यम हेन्री जॅक्सनची छायाचित्रं होती. मोरानचं यलोस्टोनच्या दरीचं भलंमोठं चित्र अमेरिकी काँग्रेसनं दहा हजार डॉलरला विकत घेतलं. आज आपल्याकडचे कितीतरी आईबाप मुलांकडे अमेरिकेला गेले की या दोन्ही ठिकाणी जाऊन येतात आणि कठड्यापाशी उभं राहून म्हणतात, 'अगदी चित्रासारखं!' ते शब्दशः खरं आहे. चित्रासारखं दिसावं म्हणूनच ते राखलं गेलं. मीही तिथे उभी राहिले आहे, माझेही डोळे भरून आले आहेत, आणि ते कडे धरणाखाली किंवा खाणीत गेले नाहीत याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

पण काय राखलं गेलं? चित्रात होतं तेवढंच. डोंगर, पाणी, प्राणी. रान म्हणजे माणूस नसलेली जागा, ही कल्पना त्या चौकटीतून कायद्यात उतरली आणि तिथून जगभर गेली. आपल्यापर्यंतही आली. मेळघाटात १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. नंतरच्या काळात तिथल्या गाभा क्षेत्रातली कोरकूंची गावं एकेक करून बाहेर हलवली गेली. वाघ वाचला पाहिजे यावर माझा वाद नाही. कागदावर मात्र 'गाव हललं' असं लिहिलं जातं. तेच अकर्मक क्रियापद. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला तेव्हा त्याच्या प्रास्ताविकातच या माणसांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली द्यावी लागली. अन्याय झाला, हे लिहिलं. कुणी केला, हे तिथेही नाही.

चित्र उतरवा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की ते उतरवलंत तर हे दिसणार कशात? १९९१ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकी कला संग्रहालयानं 'द वेस्ट ॲज अमेरिका' हे प्रदर्शन भरवून अशा चित्रांखालचा इतिहास मांडला, तेव्हा सिनेटमध्ये संताप उसळला. प्रदर्शनाचं म्हणणं बहुतांशी बरोबर होतं. तरी टीकाकारांची एक तक्रार मला रास्त वाटते. पाट्या इतक्या ठाम होत्या की चित्र पाहण्याआधीच प्रेक्षकाच्या हाती निकाल पडत होता. निकाल हाती असलेला माणूस पुरावा तपासत नाही. कॅनडातले क्री या मूलनिवासी समाजाचे चित्रकार केंट मंकमन यांची वाट मला जास्त सुचते. बीअरस्टाटच्या 'अमंग द सिएरा नेवाडा' या देखाव्यावरून त्यांनी २००६ मध्ये 'ट्रॅपर्स ऑफ मेन' केलं. तेच तळं, तेच शिखर, सगळं तितक्याच कसबानं रंगवलेलं. पण तळ्याकाठी इतिहासातली माणसं गोळा झाली आहेत आणि मधोमध पाण्यावर एक मूलनिवासी आकृती सगळ्या उजेडाची मालकीण असल्यासारखी उभी आहे. जुन्या चित्राचा पगडा किती आहे हे ज्याला कळलं, त्यालाच हे सुचू शकतं. मेट्रोपॉलिटननंही अलीकडच्या काळात आपल्या जुन्या अमेरिकी चित्रांशेजारी मूलनिवासी कलावंतांचं आणि अभ्यासकांचं म्हणणं लावायला सुरुवात केली आहे. माझी मागणी त्याहून साधी आहे. लँडर्स पीकच्या पाटीवर '१८६३' लिहिलंच आहे. त्याच्याखाली त्याच टाइपात आणखी एक ओळ असावी: 'बेअर नदी, २९ जानेवारी १८६३'. विशेषण नको, निकाल नको. बाकीचं चित्र सांगेल, जर कुणी वाकून खालच्या सावलीत पाहिलं तर.

आणि ती सावली किती खोटी आहे हे पाहायला आयडाहोत जावं लागेल. तिथे गेली कित्येक दशकं त्या घटनेला 'बेअर नदीची लढाई' म्हणत. १९९० मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाल्यानंतर अधिकृत नावात 'हत्याकांड' हा शब्द आला. २०१८ मध्ये वायव्य शोशोनींनी त्या जागेतली सुमारे साडेपाचशे एकर जमीन पैसे मोजून परत विकत घेतली. बाहेरून येऊन पसरलेली झुडपं उपटून ते आता तिथे मूळची झाडं लावत आहेत.